तीन पेनांची मापं

प्रिय भावजी,

तुमची चिठ्ठी पोचली. चार ओळींची चिठ्ठी, त्यातल्या दोन तब्येतीच्या आणि दोन कामाच्या. ह्यांच्या पेनांचे आकार आणि निबं लिहून पाठवा, त्या तीन भारी पेनांची तुलना जरा नीट करा, म्हणजे चांगलं गिऱ्हाईक बघतो, असं तुम्ही लिहिलंत. सोबत ह्यांचं तुमच्याकडे राहिलेलं पेन कागदात गुंडाळून दुकानातल्या माणसाच्या हाती पाठवलंत, आणि आमच्याकडे असलेलं तुमचं हिरवं पेन सवडीनं परत मागितलंत. म्हणजे देणं-घेणं मिटलं, जो तो आपल्या घरी. तुमचं दुकान आणि आमचं दार यांच्यात एक रस्ता आणि दोन वळणं आहेत. स्वतः यायला काय झालं होतं, हे त्या माणसाला विचारून उपयोग नव्हता. त्याला चहा दिला, पाठवलं, आणि रागानं दिवसभर कुणाशी बोलले नाही. म्हणजे बोलायला घरात कुणी होतं असं नाही, पण राग तो राग.

आमच्या चिरंजीवांचा तुम्हाला फोन आला असणार, हे मी लगेच ओळखलं. त्याच्या मनात मी आता त्यांच्याकडे राहायला जावं असं आहे. वाईट काही नाही त्यात. सून मनानं मोकळी आहे, माझ्यासाठी खोली रंगवूनसुद्धा ठेवली आहे, पडदे मला विचारून घेतले. घर बंद करायचं म्हटल्यावर सामानाची विल्हेवाट लावायला हवी, आणि सुरुवात पेनांपासून, कारण त्यांतलं मला काही कळत नाही असं सगळ्यांचं ठरलेलं आहे. आधी पेनं, मग शिलाईचं मशीन, मग कपाटं आणि शेवटी मी, असा क्रम दिसतो. जायचं की नाही ते या महिन्यात कळव असं तो म्हणाला, आणि मी नुसतं बघू म्हटलं. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना बघू म्हणून परत पाठवलं, त्यामुळे तो शब्द माझ्या तोंडात तयार असतो.

तर आता कामाचं. ती तीन पेनं एकाच घराण्यातली, हे तुम्हाला मी काय सांगणार. तोच काळा रंग, टोपणाला त्याच सोनेरी कड्या, फक्त अंगकाठी वेगळी. थोरला, मधला आणि धाकटा ही नावं तुम्हीच ठेवलीत. मी तिघांची टोपणं काढली, जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी निजवलं आणि माझी टेप घेतली. तुम्ही दोघं नेहमी लांबीपासून सुरुवात करायचात. एकाला एक लावून उभं धरायचं, डोळा बारीक करायचा आणि माना डोलवायच्या. भावजी, लांबीत तिघांचा फरक माझ्या बोटाच्या एका पेराएवढासुद्धा नाही. फरक आहे तो घेरात, आणि तोही पेनाच्या पोटाच्या नाही, तर बोटं जिथं बसतात तिथल्या. कोट बेतताना मी माणसाची उंची शेवटी घ्यायची, आधी मुंढा, म्हणजे बाही खांद्याला जुळते तिथला घेर, घ्यायची. मुंढा चुकला की कोट कितीही उंची कापडाचा असो, माणूस त्यात दिवसभर खांदे उडवत बसतो. पेनाचंही तसंच असावं असा माझा अंदाज होता आणि टेपेनं तो खरा केला.

थोरल्याचा घेर तिथं एवढा आहे की तीन बोटं एकमेकांना न भेटता बसतात. हात उघडाच राहतो. वजन आहे, पण ते मागं ओढत नाही. मात्र टोपण मागे लावलं की तोंड वर करतो, तेव्हा गिऱ्हाइकाला सांगा की टोपण बाजूला ठेवूनच लिहायचं. मागची कळ फिरवली की अर्धी दौत पिऊन टाकतो. निब मोठं, अठरा कॅरटचं, जाड. चांगल्या कागदावर राजासारखा चालतो आणि साध्या कागदावर सगळीकडे शाई पसरवतो. एक दोष माझ्या हातून झालाय तोही लिहिते. कळ जड फिरत होती, म्हणून मी मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. मशीन कुरकुरलं की मी तेच करते. तेल शाईत उतरलं आणि आता थोरला दोन शब्द लिहितो, एक गिळतो. हसू नका. खिशाचं म्हणाल तर हा कुठल्याही खिशात मावत नाही. ह्यांच्या सगळ्या कोटांचे आतले खिसे मी त्याच्यासाठी उसवून खोल केले आणि आतून जाड पट्टी लावली, नाहीतर त्याच्या वजनानं कापड ओघळायचं.

धाकटा अगदी उलटा. अंगानं सडपातळ, शर्टाच्या खिशात घातला तर आठवणही राहत नाही. नुसता लिहायला घेतला तर तोकडा, टोपण मागे लावलं की बरोबर मापाचा. निब बारीक. पेनांच्या व्यापाऱ्यानं, हो, एक येऊन गेला, मुलानंच पाठवला होता, धाकट्याला उचलून हे लेडीज पेन असं सांगितलं. मी माझा हात त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. आयुष्यभर कात्री चालवलेला हात तो, ह्यांच्या हातापेक्षा अर्ध्या मापानं मोठा. त्यानं मग विषय बदलला. त्याच्याकडे मापायला लखलखीत यंत्र होतं, सगळं लिहून घेतलं, मोठी पेनं एका बाजूला आणि लहान दुसऱ्या बाजूला लावली, पण एकातही शाई भरून बघितली नाही. मोठं तेवढं भारी, असा सरळ हिशेब. पेन चालवून न बघता घेणारा माणूस मी तरी पहिल्यांदा पाहिला. त्याला मी बघू म्हणून पाठवून दिलं.

मधल्याबद्दल पुढं लिहिते, कारण त्याची गोष्ट मोठी आहे.

तुमच्या हिरव्या जपान्याचंही सांगून टाकते, विकायचा नसला तरी. त्याचं बारीक निब आणि धाकट्याचं बारीक निब ही दोन्ही नावालाच बारीक. जपान्याची रेघ सुईच्या टाक्यासारखी, धाकट्याची त्याच्या दुप्पट. निबाची जाडी सांगणारं जे अक्षर पेनावर असतं त्यावर विसंबून कुणी मागवलं तर पस्तावेल. आणि निब सोन्याचं असलं म्हणजे सोनं लिहितं असं लोकांना वाटतं. कागदाला लागतो तो टोकावरचा कठीण मणी, सोनं बिचारं मागे वाकायला आणि मिरवायला. हे मला कुणी शिकवलं, असं विचाराल. तुम्हीच. दर शनिवारी दुपारी तुम्ही दोघं माझ्या टेबलाशी बसायचात, दोन जुने दोस्त, एक दातांचा डॉक्टर आणि एक घड्याळजी, दोघांच्याही डोळ्यांना भिंगं, आणि मी पलीकडे गिऱ्हाइकांची काजं-बटणं करत बसलेली. कान काही मी शिवून टाकले नव्हते. कोटाच्या उरलेल्या अस्तरातून पेनं ठेवायचा तो कप्प्यांचा रुमाल मी शिवला, प्रत्येकाच्या मापाचा कप्पा वेगळा. तुम्हा दोघांना वाटलं तो बाजारातून आला.

तुमचा खेळ मला आवडायचा, खरंच सांगते. शनिवारी तुम्ही आपलं एक पेन ह्यांना द्यायचं, ह्यांनी आपलं एक तुम्हाला, आणि आठवडाभर चालवून पुढच्या शनिवारी एक भरलेला कागद घेऊन बसायचं. त्या कागदावर अक्षर लिहायचं नाही हा तुमचा दंडक. दुकानात लोक पेन हातात घेतलं की स्वतःची सही करतात, आणि सही इतकी घोटलेली असते की वाईट निबही ती गोड करून देतं, असं तुम्ही म्हणायचात. म्हणून फक्त आठाचे आकडे, वेटोळी, उभ्या-आडव्या रेघा. त्या रेघांवरून तुम्ही सांगायचात की माणूस पेन किती उभं धरतो, दाब कुठं देतो, निब कुठल्या अंगाला खरवडतं. ह्यांना कौतुक होतं त्याचं. त्यांच्या माघारी सांगते, तुमच्या तोंडावर त्यांनी कधी म्हटलं नसतं. मीही तुमच्यासारख्या नजरेचा कारागीर पाहिला नाही. मात्र शेवटच्या वर्षात तुम्ही फसलात, आणि तेही पुरते.

दवाखाना कंटाळा आला म्हणून बंद केला, असं ह्यांनी सगळ्यांना सांगितलं. तुम्हालाही तेच. खरं कारण बोटं होती. सकाळी बोटं वळायची नाहीत, सांधे सुजायचे, आणि मग दातांत बारीक हत्यार कसं घालणार? रुग्णाला इजा व्हायच्या आत थांबले. तेव्हापासून थोरल्याशिवाय दुसरं पेन त्यांना धरताच येईना. बारीक पेन धरायला बोटं एकमेकांपर्यंत आणावी लागतात, आणि ती येत नव्हती. तुम्ही त्यांना चिडवलंत, की म्हातारपणी माणूस दिखाऊ होतो, जाड पेन, जाड निब, जाड शाई. हे मोठ्यानं हसले. मी पलीकडे बटण लावत होते, सुई बोटात गेली. मला तेव्हा तुमचा फार राग आला होता, पण तुम्हाला कळायला मार्गच नव्हता, म्हणून तो राग मी कधीच सोडून दिला आहे.

मी त्यांना म्हटलं, भावजींना सांगून टाका, परके का आहेत ते? तर म्हणाले, तो दया करायला लागला की खेळ संपला. मग तो फक्त जाड पेनं आणेल, माझे आठ वाकडे आले तरी बरे आहेत म्हणेल, आणि शनिवारी दोन म्हातारे एकमेकांची तब्येत विचारत बसतील. तुमच्या तोंडून त्यांना पेनाबद्दलचं खरंच ऐकायचं होतं, गोड नको होतं. मग आठवडाभराचा तो कागद कुणी भरायचा? घरात हात दोनच चांगले होते.

होय भावजी. शेवटचं वर्षभर तुम्ही भिंग लावून तपासलेले सगळे आठ माझे आहेत. फसवणूक म्हणा हवं तर, मला तिची लाज वाटत नाही. उलट मजा आली. सकाळची कामं आटोपली की हे माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायचे आणि मास्तरासारखे सांगायचे, दाब देऊ नकोस, मनगटातून नको, खांद्यातून फिरव. मी म्हणायची, खांद्याचं मला शिकवू नका, जन्मभर तेच मापलं आहे. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही असे समोरासमोर बसून एक काम कधी केलं नव्हतं. त्यांचं त्यांच्या दवाखान्यात, माझं माझ्या मशीनवर. मला ते दिवस फार आवडले. त्यांच्या दुखण्यानं ते मिळाले, याचं वाईटही वाटतं, आणि तरी आवडले.

पहिल्याच कागदाला तुम्ही भुवई उडवलीत. पेन आता आडवं धरतोस, दाब अर्ध्यावर आलाय, आणि वळताना डावीकडे जरा झुकतोस, असं म्हणालात. हे म्हणाले, वय झालं, हात नरमला. तुम्ही मान हलवलीत आणि चक्क म्हणालात की हात सुधारला. मी चहा गाळत होते, कपापेक्षा बशीत जास्त गेला. पेन मी आडवं धरते ते कापडावर खडू तसाच धरतात म्हणून. डावीकडे झुकते ते बेतताना कापड त्या बाजूनं सरकवायची सवय आहे म्हणून. तुम्ही हे सगळं नुसत्या रेघांतून अचूक ओळखलंत, फक्त माणूस चुकलात.

आता मधला. शेवटच्या शनिवारी तो तुमच्याकडे गेला. निब अजून थोडं खरवडतंय, तुझे आठांचे कागद बघून घासून देतो, असं ह्यांना म्हणालात. पुढचा शनिवार यायच्या आत हे गेले. पहिले काही दिवस तुम्ही रोज आलात, दाराशी उभे राहिलात, आत या म्हटलं तरी बसला नाहीत. टेबलाकडे बघायचात आणि निघायचात. मग तेही बंद झालं. मला वाटलं मधला विसरला असाल. पण परवा त्या माणसानं आणून दिला, तो मी धुतला, शाई भरली आणि नेहमीच्या सवयीनं कागदावर आठ काढायला घेतले. भावजी, निब कुठं अडलंच नाही. मी आडवं धरलं, तर आडवंच धरायला केलेलं. डावीकडे झुकले, तर तिथं तुम्ही कड गोल केलेली. थोरल्यात माझा हात सैल पडतो, धाकट्यात कोंबावा लागतो, आणि मधला माझ्या हातात असा बसला जसा मी बेतलेला कोट गिऱ्हाइकाला पहिल्यांदा घालताच बसावा. तुम्ही तो ह्यांच्यासाठी घासला होता. ह्यांना तो धरताही आला नसता. मी टेबलाशी बसून खूप रडले, आणि दिवसभराचा सगळा राग त्यात वाहून गेला. थोडा उरला आहे तो वर लिहिला.

त्यामुळे गिऱ्हाइकासाठी मधल्याबद्दल मला काही लिहिता येत नाही. मध्यम आकार, मध्यम निब, घासून थोडं चपटं केलेलं, उभी रेघ जाड आणि आडवी बारीक, असं लिहिलं तर ते खरं आहे. पण दुसऱ्या कुणाच्या हातात तो खरवडणारच. विकून नाव तुमचं खराब होईल.

तुम्ही का येत नाही, ते मला समजतं. समोरची खुर्ची रिकामी बघवत नसेल. मलाही बघवत नाही, पण मी राहतेच तिथं, मला पळायला जागा नाही. लोक काय म्हणतील अशी शंका मनात असेल तर ती काढून टाका. आपल्या वयाच्या माणसांबद्दल लोक फक्त गुडघे कसे आहेत तेवढंच विचारतात. आणि तुम्हाला तरी घरी कोण आहे? दुकान मिटलं की इतकी घड्याळं, त्यांतलं एकही उलट उत्तर देत नाही. मी देईन. धाकट्याचं निब कोरडं आहे असं तुम्ही म्हणाल, आणि मी म्हणेन की निब ठीक आहे, तुमची शाई घट्ट आहे. ह्यांच्याएवढं मला येत नाही, ते कबूल. पण वर्षभर तुम्ही ज्याच्याशी वाद घालत होतात, तो हात अजून इथंच आहे.

हे पत्र मी तुमच्या हिरव्या पेनानं लिहिते आहे. हे पेन मी माणसाच्या हाती पाठवणार नाही. आठवडा माझा चालू आहे, कागद भरून तयार आहे, तो तपासायला आणि बदल्यात दुसरं पेन द्यायला तुम्हाला यावं लागेल. थोरल्याचं तेल काढायचं आहे तेही आहेच. पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळं. काल संध्याकाळी मुलाचा पुन्हा फोन आला, महिना संपत आला म्हणून. या वेळी मी बघू म्हटलं नाही. मी सांगितलं की सुट्टीत चार दिवस येऊन राहीन, पण घर मोडणार नाही, मला इथून हलता येत नाही. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, अरे, दर शनिवारी भावजी येतात, आमची पेनांची बैठक असते. तो म्हणाला, मला वाटलं ती बंद झाली. मी म्हटलं, छे, कुणी सांगितलं तुला? उद्या शनिवार आहे. मला खोटं पाडू नका.

तुमचीच,
वहिनी